डबा कुणाच्या ताब्यात? अमेरिकेच्या फिल्म ट्रस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटाच्या काळातल्या धंद्याचा विषय निघाला की लोक एडिसन आणि त्याच्या कॅमेऱ्याबद्दलच विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोर्टात भांडण कॅमेऱ्याचं होतं, बाजारात मात्र ते डब्याचं होतं. फिल्मचा डबा कुठल्या थिएटरात, कुठल्या दिवशी आणि किती पैशांत जाणार, हे कोण ठरवणार? खालची हकीकत अमेरिकेची आहे, मुख्यतः १९०५ ते १९१८ मधली. मुंबईचा धागा प्र. १५ मध्ये आहे.

१. 'ट्रस्ट' म्हणजे काय? देवस्थानचा असतो तसा?

नाही. त्या काळच्या अमेरिकेत ट्रस्ट ही जवळजवळ शिवीच होती. एका धंद्यातल्या बड्या कंपन्या एकत्र येऊन भाव आणि बाजार मुठीत ठेवायच्या, त्यांना लोक ट्रस्ट म्हणत. फिल्मवाल्यांच्या ट्रस्टचं कागदोपत्री नाव होतं मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी. डिसेंबर १९०८ मध्ये करारांवर सह्या झाल्या आणि जानेवारी १९०९ पासून अंमल सुरू झाला. आत होते एडिसन, बायोग्राफ, व्हिटाग्राफ, एसॅने, सेलिग, लुबिन, केलम, फ्रेंच पाथे, मेलिएस आणि शिकागोचा आयातदार जॉर्ज क्लाइन. ही कंपनी स्वतः एकही चित्रपट काढत नसे. १६ पेटंटं तिचं भांडवल आणि परवाने देणं तिचं काम.

२. त्याआधी धंदा कसा चालायचा?

कापडासारखा. फिल्म फुटावर विकली जायची, साधारण १० ते १२ सेंट फूट. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे शंभर डॉलरच्या वर. गावोगाव फिरणाऱ्या खेळवाल्याला हे परवडायचं, कारण गाव बदललं की प्रेक्षक नवा. तेच रीळ फाटेपर्यंत चालवायचं.

जून १९०५ मध्ये पिट्सबर्गला हॅरी डेव्हिस आणि जॉन हॅरिस यांनी पाच सेंटांत सिनेमा दाखवणारं 'निकेलोडियन' थाटलं आणि बघता बघता देशभर तशी थिएटरं उघडली. आता थिएटर जागच्या जागी आणि प्रेक्षक तोच. त्याला आठवड्यातून तीन-चारदा, कुठे कुठे तर रोज, नवा खेळ हवा. इतकी रिळं विकत कोण घेणार? म्हणून मध्ये भाड्याने देणारा आला. त्या पेढीला 'एक्स्चेंज' म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोच्या माइल्स बंधूंनी १९०३ च्या सुमारास हा धंदा सुरू केला असं मानतात.

खरी गोम इथे आहे. एक्स्चेंजवाला एक प्रिंट एकदा विकत घ्यायचा आणि पन्नास थिएटरांत फिरवायचा. निर्मात्याच्या हाती पैसे पडायचे एकदाच. पुढच्या सगळ्या कायदेबाजीमागे ही पोटदुखी आहे.

३. पण सिनेमा एडिसननेच शोधला ना? मग त्याने पैसे मागितले तर काय चुकलं?

पैसे मागण्यात गैर काही नव्हतं, पण 'एडिसननेच शोधला' हे खुद्द अमेरिकी कोर्टालाही पटलं नव्हतं. १९०२ मध्ये बायोग्राफविरुद्धच्या खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं की एडिसनचा दावा फार ऐसपैस आहे, एवढं सगळं त्याचं नाही. त्याने पेटंट दुरुस्त करून पुन्हा काढून घेतलं. १९०७ मध्ये कोर्टाने मधला निकाल दिला. बाकीच्या बऱ्याच निर्मात्यांचे कॅमेरे ज्या धर्तीचे होते ती एडिसनच्या पेटंटात अडकली, पण बायोग्राफचा कॅमेरा त्यातून सुटला.

परिणाम असा की एडिसनला इतरांना धमकावता येत होतं, बायोग्राफला नाही. त्यात बायोग्राफने १९०८ च्या सुरुवातीला 'लॅथम लूप'चं पेटंट विकत घेतलं (प्र. ४) आणि पारडं बरोबरीत आलं. वर्षभर दोघांनी एकमेकांवर दावे ठोकले, मग दमून एकाच चुलीवर स्वयंपाक मांडला. ट्रस्ट जन्मला तो असा, थकव्यातून.

४. हा 'लॅथम लूप' म्हणजे नेमकं काय? एवढी मारामारी कशासाठी?

पतंगाला ढील देतात ना, तेच. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सरळ धावत नाही. प्रत्येक चित्र दिव्यासमोर क्षणभर थांबतं, मग झटक्याने पुढचं येतं. मूकपटाच्या काळात साधारण सेकंदाला सोळा वेळा. वर मोठ्या रिळाचं वजन, खाली हे झटके, मध्ये नाजूक फिल्म. ती फाटणारच. उपाय असा की फिल्म थेट ताणून न घालता दिव्याच्या खिडकीच्या वर आणि खाली थोडी सैल सोडायची. हे सैल वेटोळं झटका पिऊन टाकतं आणि रीळ संथ फिरत राहतं.

एवढंच. बोटभर ढील. पण तिच्याशिवाय लांब फिल्म दाखवता येत नाही, आणि तिचं पेटंट (क्रमांक ७०७९३४) ऑगस्ट १९०२ मध्ये वुडव्हिल लॅथमच्या नावे झालं होतं. जुन्या थिएटरच्या केबिनमध्ये डोकावला असाल, तर ऑपरेटर फिल्म चढवताना बोटांनी ते वेटोळं मापतो, हे पाहिलं असेल.

५. थिएटरवाल्याला नक्की किती पैसे भरावे लागायचे?

आठवड्याला २ डॉलर. प्रोजेक्टर वापरण्याच्या परवान्याचे, यंत्र त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेलं असलं तरी. फिल्मचं भाडं वेगळं. पाच सेंटांच्या तिकिटाच्या हिशेबात २ डॉलर म्हणजे ४० प्रेक्षक. वर्षाचे १०४ डॉलर. चालत्या थिएटरला हे जड नव्हतं. चीड रकमेची नव्हती.

खरा काच अटीत होता. परवानाधारक थिएटरात ट्रस्टची परवानाधारक फिल्म सोडून दुसरी कुठलीच दाखवायची नाही. बाहेरचं एक रीळ लावताना सापडलात तर परवाना रद्द, म्हणजे ट्रस्टच्या फिल्मा कायमच्या बंद. निर्मात्यांकडून फुटामागे अर्धा सेंट आणि प्रोजेक्टर बनवणाऱ्यांकडून यंत्रामागे ५ डॉलर, हेही होतंच. या सगळ्या गल्ल्यातला मोठा वाटा एडिसनकडे जायचा.

६. आणि एक्स्चेंजवाल्यांवर कोणत्या अटी होत्या?

त्यांची तर मानच पकडली. सगळ्यात मोठा बदल असा की फिल्म विकणं बंद, आता ती फक्त भाड्याने मिळणार. मालकी निर्मात्याची. साधारण सात महिन्यांनंतर जितकी फूट फिल्म घेतली तितकी परत करायची. ठरलेल्या भावाखाली जायचं नाही, प्रदर्शनाच्या तारखेआधी डबा सोडायचा नाही, बिगरपरवाना फिल्म पेढीत ठेवायची नाही.

ट्रस्टला यात दोन चोऱ्याही थांबवायच्या होत्या. एक, मूळ प्रिंटवरून चोरून दुसरी प्रिंट काढणं. दुसरी, एका थिएटरचं भाडं भरून तेच रीळ दोन थिएटरांत चालवणं. अमेरिकेत या दुसऱ्या प्रकाराला सायकलवरूनच नाव पडलं, आणि मला ते ऐकताच आमचं तालुक्याचं गाव आठवतं. तिथे दोन थिएटरं एका प्रिंटवर चालायची. पहिल्या थिएटरचं रीळ संपलं की डबा कॅरिअरला बांधून पोऱ्या दुसऱ्याकडे सुसाट. एकदा वाटेत सायकल पंक्चर झाली आणि नायक विहिरीच्या काठावर असताना पडदा वीस मिनिटं पांढरा राहिला. शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. आमच्याकडे तो वितरकाच्या संमतीचा मामला होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

७. एवढ्या अटी जाचक होत्या, तर बाहेर राहून फिल्म का काढली नाही कुणी?

कोरी फिल्म कुठून आणायची? चांगली कच्ची फिल्म म्हणजे इस्टमन कोडॅक, आणि ट्रस्टने १९०९ च्या आरंभीच कोडॅकशी करार केला की अमेरिकेत ती फक्त परवानाधारकांनाच विकायची. पाणीच तोडलं म्हणा. बाहेरच्यांनी फ्रान्सच्या ल्युमिएरची फिल्म आणली; ती विकणारा होता ज्यूल्स ब्रूलातूर. १९११ मध्ये कोडॅकने करार बदलून घेतला आणि बाहेरच्यांनाही माल द्यायला सुरुवात केली. इतकं मोठं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाताना कोणता व्यापारी हात बांधून बसेल? ट्रस्टला पहिली चीर कोर्टाच्या आधी इथे पडली, असं मी मानतो.

८. ट्रस्टने चांगलं काहीच केलं नाही का?

केलं की. चाळणी झालेल्या जुन्या रिळांचा कचरा परतीच्या अटीमुळे (प्र. ६) बाजारातून बराच हटला. ठरलेल्या वारी ठरलेला नवा खेळ, ही शिस्त लागली. १९०८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कच्या महापौरांनी शहरातली सगळी सिनेमा थिएटरं बंद करण्याचा हुकूम काढला होता, इतकी या धंद्याची अब्रू पातळ होती. पुढच्या वर्षी चित्रपट आधी तपासणारं मंडळ उभं राहिलं, त्याला ट्रस्टने साथ दिली. हेतू शुद्ध धंद्याचा, पण फायदा सगळ्यांचा झाला.

९. जनरल फिल्म कंपनी आणि ट्रस्ट एकच ना?

माणसं तीच, दुकान वेगळं. पेटंट्स कंपनी परवाने द्यायची. जनरल फिल्म एप्रिल १९१० मध्ये निघाली ती एक्स्चेंज विकत घेण्यासाठी. तिचा कर्ताधर्ता बायोग्राफचा जेरेमाया केनेडी. पद्धत सरळ होती. जनरल फिल्मचा माणूस जाऊन पेढीचा भाव सांगणार. मालक 'विचार करतो' म्हणाला, तर पेटंट्स कंपनी परवाना रद्द करू शकते हे त्याला ठाऊक असायचंच. १९१२ उजाडेपर्यंत परवानाधारक एक्स्चेंजपैकी स्वतंत्र उरली फक्त एक (प्र. १०).

माझ्या मते ट्रस्टची सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घातक चाल हीच. पेटंटाची मुदत कधीतरी संपते. देशभरच्या वितरणाचं जाळं हातात आलं की पेटंटाची गरजच काय?

१०. उरलेला तो एक कोण?

विल्यम फॉक्स. न्यूयॉर्कचा थिएटरवाला, ग्रेटर न्यूयॉर्क फिल्म रेंटल कंपनीचा मालक. त्याने पेढी विकायला नकार दिला, परवाना रद्द झाला, आणि तो कोर्टात गेला. गप्प न बसता सरकारदरबारीही तक्रार नेली. ऑगस्ट १९१२ मध्ये अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली (१८९० चा शर्मन कायदा) ट्रस्टवर दावा दाखल केला. पुढचं प्र. १४ मध्ये.

११. लेमलेने ट्रस्टला एकट्याने हरवलं म्हणतात. खरं?

एकट्याने नाही, पण आवाज सगळ्यात मोठा त्याचाच. कार्ल लेमले, जर्मनीतून आलेला, कापड दुकानात नोकरी केलेला. १९०६ मध्ये शिकागोत थिएटर काढलं, मग फिल्म भाड्याने देऊ लागला. एप्रिल १९०९ मध्ये ट्रस्टचा परवाना सोडला आणि त्याच वर्षी स्वतः फिल्मा काढू लागला. कंपनीचं नाव इंडिपेंडंट मूव्हिंग पिक्चर्स, आद्याक्षरांनी 'इम्प', म्हणजे खोडकर भूत. ट्रस्टने त्याच्यावर दाव्यांची रास घातली.

तो जाहिरातीत तरबेज होता. बायोग्राफची लाडकी नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिला त्याने आपल्याकडे ओढलं. ती अपघातात गेली अशी अफवा उठली आणि मार्च १९१० मध्ये लेमलेने जाहिरात दिली की ही खोटी बातमी आम्ही हाणून पाडतो, बाई खुशाल आहेत. अफवा कुणी उठवली, याचा अंदाज वाचकांनी करावा. मात्र 'ट्रस्ट नटांची नावं लपवायचा, लेमलेने ती उघड केली' हे पुस्तकी वाक्य सावधपणे घ्या. केलमसारख्या ट्रस्टमधल्या कंपनीनेही त्याच सुमारास नावं जाहीर केली होती.

१२. म्हणजे 'इंडिपेंडंट' मंडळी चांगली आणि ट्रस्ट वाईट?

हा सिनेमातला न्याय झाला. १९१० मध्ये बाहेरच्यांनीही आपली एकत्र विक्री कंपनी काढली आणि आपल्या एक्स्चेंजना आपलाच माल घ्यायला लावू लागले. १९१२ मध्ये आपसात फाटलं आणि त्यातून म्युच्युअल आणि युनिव्हर्सल निघाल्या. म्हणजे थिएटरवाल्यासमोर आता तीन दुकानं, प्रत्येकाचा आठवड्याचा बांधलेला खेळ, आणि प्रत्येकाची अपेक्षा की गिऱ्हाइकाने दुसरीकडे पाहू नये. एकाच्या जागी तिघे, एवढाच मोकळेपणा.

१३. ट्रस्टच्या गुप्तहेरांपासून पळून लोकांनी हॉलिवूड वसवलं, ही गोष्ट खरी आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. उत्तर: थोडी. ट्रस्ट चोरटे कॅमेरे शोधायला माणसं ठेवायचा, हे खरं. पण लॉस एंजेलिसला १९०९ मध्ये बस्तान मांडणारा सेलिग ट्रस्टचाच सदस्य. पुढच्या हिवाळ्यात तिथे गेलेली बायोग्राफ तर ट्रस्टची खांब. स्वतंत्र गटातली नेस्टर कंपनी खुद्द हॉलिवूडला आली ती ऑक्टोबर १९११ मध्ये. आणि पेटंटाचा अमेरिकी कायदा कॅलिफोर्नियात थांबत नव्हता. लोक गेले ऊन, समुद्र, डोंगर, वाळवंट आणि स्वस्त मजुरी यांसाठी. त्या काळी चित्रण सूर्यप्रकाशावर चालायचं. न्यूयॉर्कच्या जानेवारीत ते कुठून मिळणार?

१४. ट्रस्ट कोणत्या निकालाने बुडाला? कुठे १९१५ लिहितात, कुठे १९१७.

दोन्ही बरोबर, खटले वेगळे.

पहिला सरकारी. १ ऑक्टोबर १९१५ रोजी फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात न्यायमूर्ती डिकिन्सन यांनी ठरवलं की पेटंट जपण्यासाठी लागेल त्याच्या कितीतरी पुढे जाऊन या मंडळींनी बाजार अडवला, आणि तो बेकायदा आहे. अपील १९१८ मध्ये निकालात निघालं.

दुसरा ट्रस्टने स्वतः केलेला, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या ७२ व्या रस्त्यावरच्या एका थिएटरात एक प्रोजेक्टर होता, रीतसर विकत घेतलेला. त्यावर एक पट्टी ठोकलेली होती. तिच्यावरचा मजकूर थोडक्यात असा: हे यंत्र फक्त आमच्या परवानाधारकाने भाड्याने दिलेल्या फिल्मसाठीच वापरता येईल, शिवाय आम्ही पुढे ज्या अटी ठरवू त्याही पाळाव्या लागतील, ही पट्टी काढली किंवा खरवडली तर यंत्र वापरण्याचा हक्क संपला. थिएटरवाल्याने युनिव्हर्सलची फिल्म लावली. ट्रस्टने दावा ठोकला.

मौज अशी की पट्टीत उल्लेखलेलं फिल्मचं पेटंट ऑगस्ट १९१४ मध्येच संपलं होतं. जिवंत होतं ते फक्त यंत्रातलं लॅथमचं. ९ एप्रिल १९१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ट्रस्टच्या विरोधात निकाल दिला. पेटंट यंत्राचं आहे, फिल्म त्या यंत्राचा भाग नव्हे, तेव्हा यंत्राच्या आडून फिल्मचा बाजार बांधता येणार नाही. अशी सुमारे ४०,००० यंत्रं तेव्हा देशात वापरात होती. पाचच वर्षांपूर्वी याच न्यायालयाने सायक्लोस्टाइलच्या यंत्राबाबत उलट निकाल दिला होता (आमचं यंत्र, तर शाईही आमचीच), तोही यात रद्द झाला. प्रिंटरला अमुकच काडतूस लागेल अशी सूचना पाहिली की मला ती पट्टी आठवते.

१५. आपल्याकडे याची झळ लागली का? फाळक्यांना परवाना घ्यावा लागला होता?

नाही. अमेरिकेचं पेटंट अमेरिकेत. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणि सामान घेऊन आले, कोडॅकची फिल्म मागवली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात एडिसनचा वाटा शून्य.

पण डब्याचं राजकारण आलंच. युनिव्हर्सलने १९१६ मध्ये भारतात वितरण सुरू केलं. कोलकात्याच्या मादन कंपनीने थिएटरांची साखळी आणि परदेशी फिल्मांची आयात दोन्ही हातात ठेवली. १९२७-२८ मध्ये सरकारने सिनेमाच्या चौकशीसाठी नेमलेली रंगाचारियार समिती गावोगाव साक्षी नोंदवत फिरली, तेव्हा एका कंपनीच्या वर्चस्वाच्या आणि नको त्या फिल्मा गळ्यात मारण्याच्या तक्रारी तिच्यापुढे आल्या. इंग्रजी अमलातले 'सीपी-बेरार' आणि 'निझाम' हे वितरणाचे इलाखे तर आपले वितरक आजही त्याच नावांनी बोलतात.

१६. कोर्टाने मारलं नसतं, तर ट्रस्ट टिकला असता?

मला नाही वाटत. जनरल फिल्मचा सगळा संसार एका रिळाच्या, म्हणजे पंधरा मिनिटांच्या फिल्मांवर बेतलेला. आठवड्याला इतकी रिळं, ठरलेलं भाडं, सगळा माल एका भावात. तासाभराचा मोठा चित्रपट आला तेव्हा त्याला यात जागाच नव्हती. तो प्रांतवार हक्क विकून किंवा एकेका थिएटरशी वेगळा सौदा करून चालू लागला. जनरल फिल्ममध्येच काम केलेल्या हॉडकिन्सनने १९१४ मध्ये पॅरामाउंट उभी केली. तिचा हिशेब असा की तिकिटांतून येणाऱ्या भाड्याचे ६५ टक्के निर्मात्याला, ३५ वितरकाला, आणि वर आगाऊ रक्कम. प्र. २ मधली निर्मात्याची पोटदुखी अशी बरी झाली, परवान्याशिवाय. महायुद्धाने युरोपची बाजारपेठ आटवली, तोही फटका ट्रस्टवाल्यांना बसला.

१७. ट्रस्टमधल्या कंपन्यांचं पुढे काय झालं?

१९१८ संपेपर्यंत बहुतेकांनी गाशा गुंडाळला. लुबिन, केलम, सेलिग, एसॅने एकामागून एक गेल्या आणि एडिसनही १९१८ मध्ये चित्रपटांच्या धंद्यातून बाहेर पडला. व्हिटाग्राफ तेवढी तग धरून होती. १९२५ मध्ये तिला वॉर्नर बंधूंनी विकत घेतलं. हे वॉर्नर पिट्सबर्गचे जुने एक्स्चेंजवाले. जनरल फिल्मचा माणूस त्यांच्याही दारात आला होता, आणि तेव्हा त्यांनी पेढी विकून टाकली होती.